बटणं परत द्या

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून ज्यांनी गाडी नेली आहे, त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. बाहेर पाऊस आणि धुकं, आत चार माणसांचा श्वास. बघता बघता पुढची काच आतून धुरकट होते आणि नेमकी वळणावर समोरून एसटी येते. एसीची हवा काचेवर वळवायची ती त्याच क्षणी. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीत यासाठी एक गोल नॉब असायचा. नजर रस्त्यावर ठेवायची, डावा हात पुढे न्यायचा, नॉब दोन खटके फिरवायचा. हाताला जागा पाठ झालेली असायची. आज कित्येक नव्या गाड्यांत हेच काम टचस्क्रीनच्या पडद्यावर गेलं आहे. आधी एसीचं चित्र शोधा, मग त्याच्या आत काचेचं चित्र शोधा. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं की बोट भलतीकडेच पडतं. काही कंपन्यांनी काचेवरची वाफ घालवण्याचं बटण वेगळं ठेवलं आहे, त्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण तापमान आणि पंख्याचा वेग अनेकांनी पडद्यातच ढकलला आहे.

60 च्या वेगात गाडी एका सेकंदात 16 मीटरहून जास्त अंतर कापते. पडद्याकडे तीन सेकंद बघितलं, तर जवळजवळ 50 मीटर आपण रस्ता न बघता गेलो. गाडी चालवताना मोबाईल हातात दिसला तर पोलीस दंड करतात, आणि तो बरोबरच आहे. मग मोबाईलच्या दुप्पट-तिप्पट पडदा डॅशबोर्डवर बसवून रोजची कामं त्यातूनच करायला लावणं कसं चालतं?

2022 मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने याची रीतसर चाचणी घेतली. 11 नव्या गाड्या घेतल्या आणि सोबत 2005 ची एक व्होल्व्हो. वेग ताशी 110 किलोमीटर. रेडिओ लावणं, तापमान वाढवणं अशी चार साधी कामं चालकाला दिली. बटणांच्या जुन्या व्होल्व्होत ती 10 सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीत याच कामांना 44 सेकंदांहून जास्त वेळ लागला. अंतर 1372 मीटर!

मग पडदे का आले? शोरूममध्ये ते झकास दिसतात, हे एक कारण. दुसरं म्हणजे प्रत्येक बटणाला साचा, स्विच, वायरिंग लागतं. पडदा एकदा बसवला की बाकीचं सॉफ्टवेअरमध्ये भागतं. म्हणजे बचत कंपनीची आणि जोखीम चालवणाऱ्याची. समाधान एवढंच की युरोपात वारं फिरलं आहे. नव्या गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या तिथल्या युरो एनकॅप या संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना हाताने चालणारी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आहे. आपल्या भारत एनकॅपनेही हे लवकर उचलावं.

जुनं ते सगळं सोनं, असं मी मुळीच म्हणत नाही. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या तशाच संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना पाचपैकी शून्य तारे मिळाले. त्यानंतर डिसेंबर 2018 मध्ये पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटांच्या नेक्सॉनने त्यातच पाच तारे मिळवले, तेव्हा मला झालेला आनंद आजही आठवतो. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आलं, पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या. यामुळे माणसं घरी परत येतात. हे सगळं मला हवंच आहे.

माझी तक्रार आहे ती गाडी मालकाच्या हातून निसटते आहे, याची. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आठवा. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या चार वायरी, सगळं समोर. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा की आवाज कुठून येतोय. इंजिनं गुंतागुंतीची झाली, त्यांना आता स्कॅनर लागतो, हे मान्य. पण तो स्कॅनर आणि अस्सल पार्ट गल्लीतल्या कुशल मेकॅनिकला मिळूच नयेत, हे कसं मान्य करायचं? याच कारणावरून 2014 मध्ये बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. बाहेरच्या गॅरेजात काम केलं तर वॉरंटी जाईल, ही भीती मात्र आजही गिऱ्हाईकाला घातली जाते.

स्टेपनीचंही तेच. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट दिलं, तर स्टेपनी न देण्याची मुभा 2020 च्या नियमाने मिळाली. टायरला खिळा टोचला तर किट ठीक आहे. पण आपल्याकडे खड्ड्याच्या धारेने टायर बाजूने फाटतो, आणि तिथे किटचा काही उपयोग होत नाही. रात्री गडचिरोलीच्या रस्त्यावर हे झालं, तर कुटुंबाने काय करायचं?

म्हणून येत्या दसऱ्याला गाडी घेणार असाल, तर टेस्ट ड्राइव्हला एक करा. गाडी उभी असताना डोळे मिटून एसीची हवा काचेवर आणता येते का, बघा. डिकीचा गालिचा उचलून खाली स्टेपनी आहे का, तेही बघा. शेवटी फीडबॅकचा फॉर्म देतात. बहुतेक जण तो कोराच परत करतात. तुम्ही त्यावर स्पष्ट लिहा: आम्हाला बटणं हवीत, स्टेपनी हवी.

नमस्कार.