चाच्यांचे कपडे आणि त्यांचं कापड

मंडळी, समुद्री चाच्यांवर जीव असलेली इतकी माणसं एका जागी भेटणं हाच मोठा आनंद आहे. तुमच्यापैकी काही जण वेश करून आलात, काहींनी तो स्वतःच्या हातांनी शिवला आहे. म्हणून आज लढायांपेक्षा कपड्यांबद्दल जास्त बोलणार आहे. माझं म्हणणं असं की चाचा समजून घ्यायचा असेल तर त्याच्या अंगावरच्या कापडापासून सुरुवात करावी. हे कापड आपल्याला थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत घेऊन येतं.

आधी आपल्या डोक्यातलं चित्र पाहू. कमरेला रुंद शेला, डोक्याला रुमाल, कानात मोठी बाळी. हा वेश रूढ केला हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बऱ्याच गोष्टी त्याने स्पॅनिश धाटणीच्या कपड्यांवरून घेतल्या. खांद्यावरचा पोपट आला १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ कादंबरीतून. त्यातल्या सिल्व्हर या एका पायाच्या चाच्याला आपण सगळे लाकडी पाय लावतो, पण कादंबरीत तो कुबडी घेऊन चालतो. आणि ते घोगरं, ‘र’ घोळवणारं बोलणं? त्याच कादंबरीवरच्या १९५० सालच्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या नटाने इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या बोलीचा हेल वापरला आणि जगभरचे चाचे तसेच बोलू लागले. दर १९ सप्टेंबरला हौशी मंडळी ‘चाच्यासारखं बोलण्याचा दिवस’ साजरा करतात, त्याही दिवशी कानावर पडतो तो न्यूटनचाच आवाज. पाइल आणि न्यूटन दोघेही फार मोठे कलावंत होते. त्यांनी उभं केलेलं रूप मला आजही आवडतं.

पण सतराशे वीसच्या आसपासचा चाचा खरोखर काय घालत होता? याला कोर्टातली साक्ष आहे. १७२० साली जमैकात जॉन रॅकमच्या टोळीवर खटला चालला. ॲन बॉनी आणि मेरी रीड या त्याच टोळीतल्या. डोरोथी थॉमस नावाच्या बाईची होडी या टोळीने लुटली होती. तिने सांगितलं, दोघींच्या अंगात पुरुषांची जाकिटं होती, लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले होते, आणि हातात कोयता नि पिस्तूल. दोघी आपल्या पुरुषांना ओरडून सांगत होत्या की हिला मारून टाका, नाहीतर ही उद्या आपल्याविरुद्ध साक्ष देईल. आणि तिने खरोखरच दिली! त्याच खटल्यात दुसऱ्या साक्षीदारांनी सांगितलं की पाठलाग किंवा हल्ला करायचा असला की या दोघी पुरुषी कपडे चढवत, एरवी बायकांच्याच कपड्यांत असत. म्हणजे वेश हा त्यांच्या कामाचा भाग होता. डोक्याचा रुमालही अस्सल निघाला, तेवढं श्रेय पाइलला द्यायलाच हवं.

बाकी चाच्याचे कपडे म्हणजे साध्या खलाशाचेच कपडे. कारण चाचा हा बहुधा आदल्या वर्षीपर्यंत कुठल्यातरी व्यापारी किंवा सरकारी जहाजावर राबणारा खलाशी असे. स्पेनच्या गादीवरून पेटलेलं युद्ध १७१३ च्या तहानंतर निवलं, आरमारातून हजारो माणसं मोकळी झाली, व्यापारी जहाजांवर मजुरी घसरली. त्यातले कितीतरी बहामातल्या नॅसाऊ बंदरात जमले. आखूड जाकीट, चौकडीचा शर्ट, पायघोळ सैल विजार, विणलेली लोकरी टोपी. पाणी अंगात मुरू नये म्हणून शिडाच्या कापडाला डांबर फासलेलं. गुडघ्यापर्यंतचे बूट मात्र घोडेस्वाराचे. ओल्या दोरखंडावरून डोलकाठीवर चढणाऱ्याला ते काय कामाचे? अनवाणी चढावं, नाहीतर साध्या बुटांत.

एका बुटाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. सॅम बेलामी या चाच्याचं ‘व्हिडा’ हे जहाज एप्रिल १७१७ मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडजवळ वादळात बुडालं आणि १९८४ मध्ये सापडलं. त्या अवशेषांत एक लहानसा बूट, रेशमी मोजा आणि पोटरीचं एक छोटं हाड मिळालं. हाड साधारण आठ ते अकरा वर्षांच्या मुलाचं ठरलं. हा जॉन किंग असावा असं मानतात. १७१६ च्या अखेरीस बेलामीने लुटलेल्या एका गलबतावर तो आईबरोबर प्रवास करत होता. त्या गलबताच्या कप्तानाच्या जबानीत आहे की पोरगा चाच्यांबरोबर जायचा हट्ट धरून बसला आणि अडवणाऱ्या आईलाही त्याने धमकावलं. ‘स्वच्छंदी दर्यावर्दी आयुष्य’ असे शब्द कुणी उच्चारले की मला तो रेशमी मोजा आठवतो. आठ महिनेही गेले नसतील त्याला घरातून निघून.

आता भपक्याकडे येऊ. १७२४ मध्ये लंडनला निघालेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात बार्थोलोम्यू रॉबर्ट्सचं वर्णन आहे: शेवटच्या लढाईत किरमिजी रंगाचा नक्षीदार रेशमी कंचुक आणि विजार, टोपीत लाल पीस, गळ्यात सोन्याची साखळी नि हिऱ्यांचा क्रूस. फेब्रुवारी १७२२ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो मारला गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे साथीदारांनी त्याला त्या कपड्यांनिशीच समुद्रात सोडलं. रेशीम अंगावर मिरवणं खलाशाला परवडत नव्हतं. ते घालणं म्हणजे मालकवर्गाच्या तोंडावर मारलेली चपराक होती.

सोन्याच्या पेट्या क्वचित मिळत. रोजची लूट म्हणजे पीठ, दारू, औषधं, दोरखंड आणि कापड. ब्लॅकबिअर्डने १७१८ मध्ये चार्ल्स्टन बंदर कोंडून धरलं तेव्हा खंडणी म्हणून औषधांची पेटी मागितली होती! कापडाचा भाव तर सोन्यासारखा. रॅकमला ‘कॅलिको जॅक’ म्हणत ते त्याच्या सुती कपड्यांमुळे, आणि त्या काळी उत्तम छापील सुती कापड म्हणजे हिंदुस्थानचं. इंग्लंडमध्ये त्याचं इतकं वेड होतं की तिथल्या विणकरांनी १७१९ मध्ये दंगे केले, रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छापील कपडे फाडले. अखेर १७२१ मध्ये पार्लमेंटने ते वापरण्यावरच कायद्याने बंदी आणली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की वेश करताना ज्यांचं लुटलं गेलं त्यांनाही जागा द्या. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सुरतेकडे परतणारं ‘गंज-इ-सवाई’ गाठलं. जहाज औरंगजेबाचं, त्यावर मक्केहून येणारे यात्रेकरू. लढाईच्या तोंडावरच जहाजावरची एक तोफ फुटून आपलीच माणसं मेली. नंतर कित्येक दिवस यात्रेकरूंचे हाल झाले, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी जीव दिला. इतिहासकार खाफीखानाने हे लिहून ठेवलं आहे. एव्हरी कधीच सापडला नाही, आणि इंग्लंडात त्याच्यावर पोवाडे झाले. त्या जहाजावरच्या बायकांची नावंसुद्धा आपल्याजवळ नाहीत.

शेवटी कान्होजी आंग्रे, कारण ते चाचे होते का हा प्रश्न येणारच. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं ते स्वतःच्या सोयीसाठी. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. कोकणच्या समुद्रातून जायचं तर त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा लागे, जसं पोर्तुगीजही आपल्या परवान्याशिवाय जहाजं जाऊ देत नसत. दस्तक नाकारून शिरणारं जहाज ते पकडत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. कान्होजींची भूमिका जरूर करा, फक्त कवटीचा झेंडा लावू नका. त्यांना सरदाराचा पोशाख द्या, आणि हातात काही हवंच असेल तर शिक्का मारलेलं दस्तक द्या.