कामाच्या गावी सकाळची फेरी

नमस्कार श्रोतेहो.

कंपनीच्या कामाला परगावी जाणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. ‘कोलकात्याला गेलो होतो खरा, पण बघितलं काहीच नाही. विमानतळ, हॉटेल, मीटिंग, परत विमानतळ.’ त्यात खोटं काही नसतं, पण संध्याकाळच्या भरवशावर बसलं की असंच होणार. कामाच्या गावी संध्याकाळ आपली नसतेच. ती ज्या पार्टीकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, गेलो त्या पार्टीची असते. जेवायला नेतात, आग्रह करकरून वाढतात आणि मासे निवडत निवडत साडेदहा वाजतात. सकाळ मात्र कोणी मागत नाही.

मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत विक्रीचं काम बघते. हावडा आणि कोल्हापूर, दोन्ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची गावं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची कितीतरी मॅनहोलची झाकणं हावड्यात ओतलेली आहेत. तेव्हा आमचं तिकडे जाणंयेणं असतं, आणि कोलकाता मी जे काही बघितलंय ते सकाळी दहाच्या आत.

त्या शहराचा सूर्यही सकाळच्याच बाजूचा आहे. घड्याळ देशभर एकच, पण कोलकाता आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला. डिसेंबरात तिथे पाचच्या आतच सूर्य मावळतो; आपल्याकडे सहा वाजतात. जूनमध्ये पाच वाजायच्या आधीच उजाडतं. मीटिंग उरकून बाहेर यावं तर अंधार, आणि सकाळी हॉटेलचा पडदा सारावा तर रस्ता केव्हाचा जागा झालेला!

म्हणून यादीतून पहिली काट संग्रहालयांवर मारायची. इंडियन म्युझियम 1814 सालचं, व्हिक्टोरिया मेमोरियल 1921 सालचं; दोन्ही बघण्यासारखीच. पण ती उघडतात आपल्या मीटिंगच्या वेळेला आणि सोमवारी बंद. ती घरच्यांना घेऊन येऊ तेव्हा. एकट्या माणसाने एकच रेघ धरून चालावं. माझी रेघ हुगळीच्या काठाने उत्तरेकडे जाते: हावडा पुलापासून बागबाजारपर्यंत.

सुरुवात पुलाच्या कोलकाता बाजूच्या पायथ्याशी, मलिक घाटाच्या फुलबाजारात. दादरचा फुलबाजार बघितलेल्यांनाही इथे क्षणभर थांबावं लागतं. झेंडूच्या माळा लांबच लांब ओवून त्यांचे जाड वेढे करतात आणि माणसं ते वेढे खांद्यांवर, गळ्यात, डोक्यावर घेऊन वाट काढत येतात. समोरून येणाऱ्याचं तोंडच दिसत नाही, नुसते केशरी ढीग चालत येतात. खाली सगळा चिखल, कुजकी पानं, केळीची सोपटं. मीटिंगचे बूट हॉटेलवर ठेवून जुन्या चपला घालाव्यात हे सांगायला हवं. आणि बाई एकटी कशी जाणार, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: पहाटेच्या या बाजारात तुमच्याकडे बघायला कोणाला सवड नसते. वाटेत उभं राहिलात तर मात्र ओरडा बसतो.

वर बघितलं की पूल. 3 फेब्रुवारी 1943 रोजी तो वाहतुकीला खुला झाला. साधारण साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि सगळे जोड रिव्हेटचे, नटबोल्ट नाहीत. आमच्या धंद्यातल्या माणसाची मान आपोआप वर जाते. जपानी विमानांचं भय असलेल्या त्या दिवसांत पुलाचं थाटामाटाने उद्‌घाटनसुद्धा झालं नाही. बॉम्बला पुरून उरलेल्या या पुलाला पुढे त्रास दिला तो पान खाणाऱ्यांनी. पिचकाऱ्यांनी पोलादी दांड्यांची बुडं झिजायला लागली, तेव्हा त्यांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली.

तिथून नदीच्या कडेने, रेल्वेचे रूळ डाव्या हाताला ठेवत चालायचं. घाटांवर अंगाला तेल रगडणारे, आंघोळी, सूर्याला अर्घ्य. निमतला घाटाचं स्मशान लागतं. 1941 साली रवींद्रनाथांवर अंत्यसंस्कार झाले ते इथेच. आहिरीटोला घाट मागे टाकला की थोड्या वेळाने कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती.

इथे मात्र माझा वेळ जातो. कुंभार गल्ली कोल्हापुरातही आहे, गंगावेशीत आणि शाहूपुरीत; गणपतीच्या आधी तिथून पाय निघत नाही. पण कुमारटुलीचं काम वेगळं. आधी बांबूचा सांगाडा. त्यावर भाताच्या पेंढ्याचं अंग, सुतळीने करकचून बांधलेलं. दंड, मांड्या, कंबर, सगळं पेंढ्यातच आकाराला येतं. मग चिकणमाती, तिच्यावर बारीक मातीचा हात, भेगा बुजवायला चिखलात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. बोळात दोन्ही बाजूंना बिनडोक्याच्या दुर्गा उभ्या असतात. डोकी साच्यातून वेगळी निघून फळीवर वाळत असतात. आमच्या ओतकामातही आत पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा ठेवतात. आम्ही तो शेवटी फोडून काढतो, यांचा आतच राहतो. विसर्जनानंतर माती विरघळते आणि सांगाडा पुन्हा वर येतो. तो ओढून काढणारी माणसं असतात, आणि पुढच्या वर्षी त्याच लाकडांवर नवी देवी चढते.

कारागिराला मी विचारलं, पेंढा ओला राहिला तर? त्याने हातातलं काम न थांबवता सांगितलं, ‘दिदी, मग आतून कुजतो, आणि ते देवी गिऱ्हाइकाच्या मांडवात गेल्यावर कळतं.’ आमच्या कास्टिंगमधले बुडबुडे नेमके असेच मशीन शॉपमध्ये गेल्यावर कळतात. बरोबर चार सहकारी असते तर हे बोलणं झालंच नसतं. चौघांत माणूस आपल्यातच बोलतो.

पुढे बागबाजार. तिथे एका गल्लीला आजही मराठा डिच लेन म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा, 1742 साली, कोलकात्याच्या लोकांनी पैसे काढून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैल खणायचा होता, तीनेक मैल झाला आणि राहिला. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवून त्याच्या वाटेवर सर्क्युलर रोड झाला. बंगालच्या खेड्यांनी मात्र त्या स्वाऱ्यांत खूप सोसलं. बोर्गी, म्हणजे आपले बारगीर घोडेस्वार, आले असं सांगून तिथे पोरांना अजून झोपवतात. आपल्या शाळेत हा भाग दोन ओळींत उरकतात. 1751 च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, तेवढंच आपल्या लक्षात राहतं.

त्या गल्लीच्या आसपास सकाळी हिंगाची कोचुरी मिळते, पानाच्या द्रोणात, बरोबर बटाट्याची पातळ भाजी. आणि बागबाजार हे रोशोगोल्ल्याचंही गाव; त्याला नाव मिळवून देणाऱ्या नवीनचंद्र दासांचं दुकान इथलंच. खाऊन झालं की श्यामबाजारहून मेट्रो धरायची, वीसेक मिनिटांत एस्प्लनेड स्टेशन, म्हणजे धरमतला. हॉटेलवर जाऊन बूट घालेपर्यंत साडेनऊ होतात, आणि तिकडची कचेरी दहाच्या आत काही रंगात येत नाही.

कोचुरीवाल्या काकांनी विचारलं, कुठून आलात? म्हटलं, महाराष्ट्र. झारा तसाच कढईवर धरून ते हसले, ‘बोर्गी!’ म्हटलं, हो, वसुलीलाच आलेय. खरंच आले होते, पार्टीकडे चार महिन्यांचं बिल अडकलं होतं. काकांनी जास्तीची एक कोचुरी द्रोणात टाकली आणि पैसे मात्र तिचेही घेतले.

नमस्कार.