घाट बंद झाल्यावर पाहुण्याचे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

थंड हवेच्या ठिकाणी आपण दोन दिवसांसाठी जातो, तेव्हा हॉटेलमालकाशी आपला व्यवहार सरळ असतो. भाडे भरायचे आणि ठरल्या वेळी खोली सोडायची. पण दरड कोसळून घाट बंद झाला, वीज गेली, फोन लागेनासा झाला, की खोली सोडून जाणार कुठे हा प्रश्न उभा राहतो, आणि अशा वेळी पाहुणा सर्वस्वी त्या मालकाच्या हाती असतो. तो मालक पुढे कसा वागतो, याची दोन टोकाची उदाहरणे मला आज आपल्यापुढे ठेवायची आहेत.

पहिले पाकिस्तानातल्या मरीचे. इस्लामाबादपासून साधारण साठ किलोमीटरवरचे हे इंग्रजांनी वसवलेले गिरिस्थान. जानेवारी 2022 मध्ये बर्फ पाहायला तिथे इतक्या गाड्या वर गेल्या की रस्ते जागच्या जागी थिजले. 7 जानेवारीच्या रात्री हिमवादळ आले आणि सकाळपर्यंत गाड्यांमध्येच वीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत मुले होती. ऊब मिळावी म्हणून लोकांनी इंजिने चालू ठेवली होती आणि बर्फात गाडलेल्या गाड्यांमध्ये विषारी वायू कोंडला. त्याच रात्री गावातल्या काही हॉटेलांनी नेहमीच्या कितीतरी पट भाडे मागितल्याच्या तक्रारी झाल्या. पैसे नसलेली कुटुंबे परत गाडीत जाऊन बसली. नंतर काही हॉटेलांना टाळे लागले आणि अधिकारी निलंबित झाले. सारा दोष हॉटेलवाल्यांच्या माथी मारणे मात्र मला पटत नाही. बर्फ हटवणारी बहुतेक वाहने एकाच जागी उभी होती, असे चौकशीतच निघाले. आणि त्याच मरीत अनेक स्थानिक कुटुंबांनी अनोळखी माणसांना घरात घेतले होते.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडमधल्या कायकोराचे. देवमासे पाहायला जगभरातून पर्यटक येतात असे हे समुद्रकाठचे गाव, वस्ती जेमतेम दोन हजारांची. 14 नोव्हेंबर 2016 रोजी मध्यरात्र नुकतीच उलटली असताना तिथे 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. दोन्ही दिशांचा महामार्ग आणि रेल्वे डोंगर कोसळून बंद पडली आणि हजाराहून अधिक पर्यटक अडकले. गावाच्या वरच्या अंगाला माओरी लोकांचे ताकाहांगा मराए, म्हणजे त्यांचे सामाईक सभास्थान आहे. ते त्याच रात्री उघडले गेले. शेकडो माणसे तिथे गाद्या टाकून झोपली, आणि जेवणात त्यांना चक्क शेवंड वाढली गेली, जी एरवी तिथल्या हॉटेलातही महागाचा पदार्थ. पुढे 16 तारखेला नौदलाचे कँटरबरी जहाज किनाऱ्याला आले आणि चारशेहून अधिक लोकांना घेऊन गेले. तो महामार्ग पुन्हा सुरू व्हायला मात्र डिसेंबर 2017 उजाडला.

या दोन गावांतला फरक केवळ माणुसकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. मराएमध्ये शेकडो माणसांचा स्वयंपाक करण्याची मोठी पातेली, अंथरुणे आणि राबणारे हात आधीपासूनच असतात, कारण कुणाच्या अंत्यविधीला दूरदूरचे नातलग येऊन तिथे काही दिवस राहतात. पालखीच्या वाटेवरच्या गावांना दिंडी जेवायला घालायची सवय असते, तशीच ही सवय. मरीच्या हॉटेलांना अशी सवय नव्हती. शिवाय त्या रात्री कोणत्या दरापुढे जायचे नाही, हे त्यांना खडसावणारेही कुणी नव्हते.

आपल्याकडे महाबळेश्वरचा विचार करावा. 22 जुलै 2021 च्या सुमारास तिथे चोवीस तासांत जवळजवळ 594 मिलिमीटर पाऊस पडला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद झाला. पसरणी आणि केळघर हे उरलेले घाटही असेच बंद पडले, तर ऐन हंगामात वर हजारो माणसे अडकतील. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 65 नुसार प्रशासनाला अशा वेळी जागा आणि वाहने ताब्यात घेता येतात, आणि कलम 66 नुसार त्याचा मोबदला द्यावा लागतो. मुंबईत 2020 मध्ये विलगीकरणासाठी हॉटेलांच्या खोल्या वापरल्या गेल्याच होत्या. म्हणून सगळे फुकट द्या, अशी मागणी मी करणार नाही. डिझेल, गॅस आणि धान्य मालकालाही विकतच घ्यावे लागते. अडकलेल्या दिवसांचे भाडे आदल्या दिवसाच्या दरापेक्षा जास्त नको, लहान मुले आणि आजारी माणसे यांना आधी खोली मिळावी, आणि रस्ता कधी उघडेल याची खरी माहिती स्वागतकक्षातल्या फळ्यावर लिहिली जावी, एवढे पुरेसे आहे. ऐकीव बातमीवर विसंबून गाडी घाटात काढणारा पाहुणा स्वतःबरोबर इतरांनाही संकटात लोटतो.

आणखी एका माणसाची आठवण अशा वेळी फारशी कुणाला होत नाही. पाहुण्यांना चहा आणून देणारा पोऱ्या बहुधा खालच्याच एखाद्या गावचा असतो, आणि ज्या पावसाने पाहुणे अडकले, त्याच पावसात त्याचे घरही असते. त्याला घरी फोन लावता यावा, जमेल तेव्हा रजा मिळावी, आणि त्याच्या जागी कोण उभे राहील हे ठरलेले असावे. या सगळ्याची बोलणी तहसीलदारांनी हॉटेलमालकांना बोलावून मे महिन्यातच उरकली पाहिजेत.

नमस्कार.