शैवालाच्या भोवतीचे पाणी

मही नदी जिथे खंभातच्या आखाताला मिळते, त्या कांबोईच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली आहे. बडोद्याहून येथे येणारे बहुतेक जण भरतीत बुडणाऱ्या स्तंभेश्वर महादेवाच्या मंदिरात दर्शनाला येतात. आपण मात्र चिखलावर धरलेली ही सोनेरी-तपकिरी साय पाहणार आहोत.

तिचा एक थेंब बडोद्यातल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की सिलिकेच्या कवचातले डायाटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, दिसू लागतात. त्यांच्या कडेने हलणारे ठिपके म्हणजे जीवाणू. शुद्ध संवर्धनासाठी, म्हणजे प्रयोगशाळेत एकच जात वाढवण्यासाठी, ते अशुद्धी समजून काढून टाकण्याची प्रथा दीर्घकाळ चालली, आणि शैवालाचे निम्मे जीवन त्यामुळेच नजरेआड राहिले, असे आम्हाला वाटते.

हे दोन चंबू पाहा. दोन्हींत थॅलॅसिओसिरा स्यूडोनाना हा समुद्री डायाटम आहे. प्रकाश सारखाच, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि लोहही सारखेच, मात्र बी-१२ जीवनसत्त्व दोन्हींत मुद्दाम वगळले आहे. डावीकडे जीवाणू नाहीत, आणि तिथली वाढ खुंटून पाणी फिकट राहिले आहे. उजवीकडे रुएजेरिया पोमेरोयी हा जीवाणू सोडला आहे, आणि पाण्याचा रंग गडद होत गेला आहे. कोबाल्टच्या अणूभोवती रचलेले हे जीवनसत्त्व काही जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) यांनाच घडवता येते, पण या डायाटमचे मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनवणारे विकर (एन्झाइम) त्यावाचून चालत नाही. बदल्यात डायाटम डीएचपीएस हे गंधकयुक्त संयुग पाण्यात सोडतो आणि जीवाणू त्यावर पोसतो. ही गरज एकट्या याच जातीची नाही: २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३२६ शैवालजातींपैकी १७१ जाती बी-१२ साठी परावलंबी आढळल्या.

हे नाते नेहमी असेच राहते असे नाही. एमिलियानिया हक्सलेयी हे शैवाल तरुण असताना फेओबॅक्टर जीवाणू त्याला वाढीचे संप्रेरक आणि संरक्षक प्रतिजैविक पुरवतो. तेच शैवाल वृद्ध होऊन पॅरा-कुमॅरिक आम्ल सोडू लागले, की तो रोझिओबॅक्टिसाइड ही विषे तयार करून त्याला मारतो.

पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ अर्धा वाटा समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे डायाटमसारख्या तरंगत्या सूक्ष्मजीवांचा, आहे, आणि बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी नेणारी ५० किलोमीटरहून लांब वाहिनी महीच्या याच मुखप्रदेशात रिकामी होते. तिथल्या पाण्यात शैवाल मोजताना त्याच्याभोवतीचे जीवाणूही मोजले गेले पाहिजेत.