मॅच सुटल्यावरची लोकल

(दृश्य: चर्चगेटकडे येणारी धीमी लोकल. रात्र.)

मरीन लाइन्स सुटलं की उजव्या हाताच्या खिडक्या एकदम उजळतात. वानखेडे स्टेडियमचे दिवे रुळांना जवळजवळ खेटूनच आहेत. दारातले लोक वाकून बघतात, कुणीतरी स्कोर सांगतो, आणि लगेच डब्यात दुसरीच चौकशी सुरू होते. मॅच कितीला सुटेल?

ही चौकशी क्रिकेटवेड्यांची नाही, घरी जाणाऱ्यांची आहे. मोठ्या स्पर्धा आल्या की शहराची वाहतूक सुधारते, असं म्हणतात. या माणसांच्या बाबतीत ते कितपत खरं? आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला सुरू होतो आणि साडेअकराच्या आगेमागे संपतो. मैदानात साधारण 33 हजार माणसं मावतात. गाड्या लावायला जागा नाही, म्हणून वाहतूक पोलीस दर वेळी सांगतात, लोकलने या. लोक ऐकतात. येतात लोकलने, परततातही लोकलनेच. नेमकी तीच वेळ फोर्टातल्या हॉटेलांतून सुटणाऱ्या वेटरांची, पाळी बदललेल्या वॉचमनची, शटर ओढून निघालेल्या सेल्समनची. पायात दिवसभराचं उभं राहणं असतं. समोर निळ्या जर्सींचा लोंढा, ढोल, पिपाण्या. विरार गाडीच्या दारात पाऊल टेकवायला जागा नसते. शेवटची लोकल एकच्या सुमारास, त्यामुळे एक-दोन गाड्या सोडणं परवडतं, तिसरी सोडताना पोटात गोळा येतो.

(दृश्य: स्टेडियमलगतचा डी रोड. बॅरिकेड, शिट्ट्या.)

डी रोडवर राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. सामन्याच्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर पार्किंग बंद. स्वतःच्या दारात यायलाही आधी बॅरिकेडपाशी थांबून पोलिसाला पटवावं लागतं. 1975 साली इथे पहिली कसोटी झाली, म्हणजे या इमारतींमधल्या दोन पिढ्या याच शिट्ट्या ऐकत वाढल्या. तक्रार करतात, आणि गॅलरीत खुर्च्याही मांडतात!

गर्दीची वाहतूक मुंबईला शिकवली ती मात्र गणपतीने. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी पश्चिम रेल्वे चर्चगेट ते मुंबई सेंट्रलदरम्यान जलद गाड्यांनाही सगळीकडे थांबा देते. गिरगाव चौपाटीजवळच्या चर्नी रोडला चेंगराचेंगरी नको म्हणून चर्चगेटकडे येणाऱ्या धीम्या गाड्या तिथे थांबवत नाही. रात्री जादा लोकल सोडते. कुठल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अट घातली म्हणून हे होत नाही. दर वर्षी होतं, आणि होतं हे लोकांना पाठ आहे.

(दृश्य: मरीन ड्राइव्ह, 4 जुलै 2024.)

टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून संघ आला त्या संध्याकाळी तारीख ठाऊक होती, मार्ग ठाऊक होता, नरिमन पॉइंट ते वानखेडे. तरी चर्चगेट स्टेशनातून माणूस बाहेर पडणं मुश्कील झालं. पोलिसांना मरीन ड्राइव्हकडे येऊ नका असं सांगावं लागलं. त्या रात्री रस्त्यावर उरला तो चपलांचा खच. मिरवणुकीची उघडी बस गुजरातहून आणलेली, यावरून राजकारणही रंगलं. अर्थात बस कुठलीही असो, बोरिवलीच्या माणसाला तिच्यातून घरी जायचं नव्हतं.

मॅरेथॉनचं तुलनेने सोपं. जानेवारीतल्या एका रविवारी विरार-बोरिवलीकडून उत्तररात्री खास लोकल सुटतात, धावणारे वेळेत पोचतात. पेडर रोडवर सकाळच्या कामाला निघालेल्या बाईंची बस मात्र वळवलेली असते, आणि कुठे वळवली हे त्यांना स्टॉपवर उभं राहिल्यावर कळतं.

(दृश्य: चर्चगेट मेट्रो स्थानकाचा सरकता जिना.)

मग आली मेट्रो 3. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्थानकं. शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये खुला झाला आणि वानखेडेच्या जवळ भुयारी मेट्रो पोचली. ती क्रिकेटसाठी बांधलेली नाही, हेच तिचं भलं. पण सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात शेवटची गाडी रात्री साडेदहाची होती. साडेदहाला दुसऱ्या डावाची खरी ओव्हरं चालू असतात. वेटरचं तर टेबल पुसायचंच बाकी असतं.

नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमची गोष्टही घ्या. 2 नोव्हेंबर 2025, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. पावसाने सामना दोन तास उशिरा सुरू झाला, भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं तोवर मध्यरात्र झाली होती. स्टेडियम बायका-मुलींनी भरलेलं. नेरुळच्या हार्बर लोकल मार्गावर त्या वेळी गाड्या आधीच विरळ. कप जिंकल्याचा आनंद आणि घरी कसं जायचं ही घालमेल, दोन्ही एकाच पर्समध्ये कोंबून त्या निघाल्या.

आता 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, 2036 च्या ऑलिंपिकसाठीही देशाची खटपट चालू आहे. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुलसाठी ठरवलेली विमानतळ मेट्रो स्पर्धा उरकल्यावर, फेब्रुवारी 2011 मध्ये धावली. खेळाडूंना तिचा उपयोग झाला नाही. दिल्लीकर अजून बसतात तिच्यात.

चर्चगेटच्या फलाटावर सध्या मागणी एवढीच आहे की सामन्याच्या रात्री अकरा ते साडेबारा विरारच्या दोन गाड्या जास्त सोडा, आणि सुटणार असतील तर दुपारीच सांगा.