बेचाळीसमधून सतरा गेले, उरले पस्तीस

श्रोतेहो, नमस्कार.

हाताशी कागद असेल तर एक वजाबाकी मांडा. बेचाळीस वजा सतरा. कागद नसला तरी बिघडत नाही, उत्तर पंचवीस हे तुम्हाला तोंडीच येईल. पण तिसरी-चौथीच्या वह्या तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली आणि या गणिताची जी चुकीची उत्तरं मी पाहिली, ती जवळजवळ कायम तीनच असायची. पस्तीस, एकोणसाठ आणि बावन्न.

पस्तीस लिहिणारं मूल काय करतं? दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. उरले पाच. चारातून एक गेला, उरले तीन. हातचा घ्यायचा असतो हे त्याला कळलेलंच नाही, पण त्यानं एक रस्ता मात्र शोधलेला आहे. एकोणसाठवाल्यानं बेरीज केली. त्याला वजाबाकी येत असेलही, त्यानं चिन्ह पाहिलं नाही इतकंच. आणि बावन्न? बावन्नची गंमत वेगळी. ते मूल मनात अगदी बरोबर 'पंचवीस' म्हणतं. पंचवीस म्हणताना आधी 'पंच' ऐकू येतं, म्हणून आधी पाच लिहितं, मग दोन. वजाबाकी बरोबर, लिहिणं उलटं.

तिघांनाही गुण शून्य. निकालाच्या तक्त्यात तिघं एकाच रकान्यात जातात, आणि दुसऱ्या दिवशी तिघांनाही तोच उपाय मिळतो, वजाबाकीची आणखी दहा गणितं. पस्तीसवाला दहाही चुकवतो, बावन्नवाली कंटाळते.

आकडे उलटे लिहिण्याचं हे दुखणं आपल्या भाषेच्या घडणीतलं आहे. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असंही वाचायला दिलं होतं. विधानसभेपासून पारापर्यंत थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, स्वतः गणितज्ञ. जोडाक्षरांशी झगडणाऱ्या लेकरांचा विचार त्यामागे होता. मला स्वतःला 'वीस एक' कानाला बरं वाटलं नाही, हे कबूल करते. पण एकोणतीस म्हणताना कानाला तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोनावर नऊ, हे सात वर्षांच्या मुलाला शिकवून पाहिलेल्या माणसाला त्या पुस्तकाची थट्टा करवत नाही.

आता परीक्षेकडे येते. आपल्याकडची सगळ्यात मानाची परीक्षा म्हणजे स्कॉलरशिप. गावात अजूनही 'स्कॉलरशिपला बसलाय' असं अभिमानानं सांगतात. पूर्वी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं शासनानं ठरवलं आहे. परीक्षा परिषद पुण्याहून ती घेते. पाचवीचा एक पेपर म्हणजे 75 प्रश्न, 150 गुण आणि वेळ दीड तास. हिशेब करा, एका प्रश्नाला एक मिनिट बारा सेकंद. त्यातच वाचायचं, विचार करायचा, बाजूला कच्चं काम करायचं आणि दिलेल्या पर्यायांतल्या उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा. वर्षभर पेन्सिल आणि खोडरबर वापरणारं पोर इथं पहिल्यांदा अशा कागदापुढे बसतं, जिथं खोडता येत नाही.

एका शाळेतल्या मुलीचं सांगते. सरावात नेहमी पुढे. परीक्षेत एकतिसावा प्रश्न अडला, 'नंतर बघू' म्हणून पुढे गेली आणि बत्तिसाव्याचं उत्तर एकतिसाव्याच्या गोलात रंगवलं. तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. घरी येऊन बापाला सगळी उत्तरं बरोबर सांगितली तिनं. निकालात तिला गणित येत नव्हतं.

तरीही पर्यायी प्रश्नांना मी नावं ठेवणार नाही, कारण प्रश्न काढणारा जाणता असेल तर पर्यायांतच सारी मेख असते. आपल्या वजाबाकीचे चार पर्याय काय द्यावेत? 25, 35, 59, 52. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक चुकीचा रस्ता उभा आहे. वर्गातल्या चाळीसपैकी बारा जणांनी 35 निवडला हे कळलं, की उद्या काय शिकवायचं ते शिक्षिकेला कळलं. पण आपल्या हाती येते ती फक्त टक्केवारी. आता नियतकालिक चाचण्या आल्या, त्यांचे गुण चॅटबॉटवर भरायचे. भरता भरता शिक्षकांची संध्याकाळ जाते. बारा जणांनी 35 का निवडला हे बघायला वेळ कधी मिळणार?

या सगळ्यात मला एक चाचणी मनापासून आवडते. 'प्रथम' ही संस्था 2005 पासून 'असर' नावाची पाहणी करते. तिच्यात पेपर नाही, गोल नाहीत. कार्यकर्ते खेड्यात जातात, एका जिल्ह्यात तीस गावं, गावात वीस घरं. ओसरीवर मुलासमोर बसतात आणि एक परिच्छेद वाचायला देतात. वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडखळला तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. गणितातही तसंच. सुरुवात हातच्याच्या वजाबाकीपासून, जमली तर पुढे भागाकार, नाहीतर मागे आकड्यांची ओळख. मूल कुठे अडतं ते डोळ्यांसमोर दिसतं. त्या दिवशी शाळेत न गेलेलं मूलही घरी सापडतं, हा आणखी एक फायदा.

2024 च्या 'असर'मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी सत्तावीस जणांना दुसरीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये, शाळा बंद राहिल्यानंतर, हाच आकडा विसाच्या आसपास होता, आणि 2018 मध्ये पुन्हा सत्तावीसच. म्हणजे वाचनात आपण घसरून जेमतेम जागेवर आलो. वजाबाकीत मात्र तिसरीची मुलं 2018 च्या पुढे गेली, अठ्ठावीसवरून जवळपास चौतीसवर. सरकारच्या 'परख' सर्वेक्षणानं, डिसेंबर 2024 मध्ये, सहावीच्या मुलांचे पाढे पाहिले. दहापर्यंतचे पाढे येणारी मुलं निघाली शंभरात त्रेपन्न. पाढ्यांचा हा आकडा वाचून माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी छड्यांची आठवण काढली. छडीनं किती जणांचे पाढे पाठ झाले आणि किती जणांची शाळा सुटली, याची मोजणी तेव्हा कुणी केली नव्हती, म्हणून ते दिवस सोन्याचे वाटतात.

पालकांनो, पालकसभेला जाल तेव्हा किती पडले हे विचारू नका, ते तुम्हाला कळलेलंच असतं. तपासलेला पेपर मागून घ्या. एक चुकलेलं गणित निवडा आणि मुलाला म्हणा, हे तू कसं केलंस ते मला करून दाखव. मध्ये बोलू नका. हे फार अवघड आहे, मला स्वतःला बरीच वर्षं जमलं नाही.

जमलं तेव्हाचा एक प्रसंग सांगते. पस्तीस लिहिणारा एक मुलगा होता, तिसरीतला. मी त्याला काड्या दिल्या, दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सतरा मला दे. त्यानं एक गठ्ठा दिला. सुट्या दोन दिल्या. मग थांबला. उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे बघत राहिला. माझ्या जिभेवर 'अरे, हातचा घे' आलं होतं, ते गिळलं. बराच वेळ गेला. मग त्यानं एक गठ्ठा उचलला, रबराला नुसता हात लावला आणि हळूच विचारलं, "बाई, ह्यो सोडला तर चालंल का?"