शब्द गेले, आवर्तन राहिलं

श्रोतेहो, नमस्कार.

हळदीच्या दिवशी किंवा कानबाईच्या रात्री बायका गाणी म्हणायला बसतात, तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. म्हणणारी मधेच कडवं विसरते. पण चाल थांबत नाही. ती तिथल्या तिथे समोर दिसेल त्याचं नाव घालते, मामाचं, मावशीचं, कुणाचंही, आणि ओळ पुरी करून सगळ्यांबरोबर धृपदावर येते. शब्द जातात, चाल जात नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण आज मी जी गायिका सांगणार आहे, तिने हेच काम बर्लिनमध्ये सुमारे बारा हजार माणसांसमोर केलं.

तिचं नाव एला फिट्झगेराल्ड, अमेरिकेतली जाझ गायिका. जन्म २५ एप्रिल १९१७, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला. नोव्हेंबर १९३४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेला ती नाचायला म्हणून गेली. तिच्या आधी रंगमंचावर आलेल्या दोन बहिणींचा नाच पाहिला, नाचायचा बेत सोडला आणि गाऊन पहिलं बक्षीस नेलं. मग चिक वेब यांचा बँड, १९३८ मध्ये एका बडबडगीतावर बांधलेलं गाणं देशभर गाजलं, पुढे तेरा ग्रॅमी. जवळपास तीन सप्तकांचा गळा. जलद गाणं, संथ गाणं, शब्दांवाचून नुसत्या अक्षरांवर गायचं स्कॅट, सगळं त्याच गळ्यात.

आता बर्लिन. तारीख १३ फेब्रुवारी १९६०, जागा डॉइचलांडहाले नावाचं प्रचंड सभागृह. साथीला चौघं: पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, बासवर विल्फ्रेड मिडलब्रुक्स, ड्रम्सवर गस जॉन्सन. एलाने गायला घेतलं 'मॅक द नाइफ'. हे गाणं मुळात बर्लिनचंच. १९२८ मध्ये तिथल्याच रंगभूमीवर आलेल्या ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या नाटकातलं. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला, आणि १९७८ मध्ये जब्बार पटेलांनी तो बसवला. म्हणजे हे गाणं आपल्याला अगदीच परकं नाही.

गाणं एका सुरीबाज गुंडाचं. रचना साधी, पण फसवी. सोळा बारची एकच चाल, तीच पुन्हा पुन्हा. सोळा बार म्हणजे चौसष्ट मात्रा, आपल्या तीनतालाची बरोबर चार आवर्तनं. मधे दुसरी चाल नाही, अंतरा नाही. बदलतात ती फक्त नावं आणि गुन्हे. कोण मेलं, कोण बेपत्ता झालं, पैसे कुठे गेले. अशा गाण्यात घसरायला वेळ लागत नाही, कारण चाल पुढच्या शब्दाची आठवण करूनच देत नाही. तीच चाल, मग हे तिसरं कडवं की चौथं?

एलाने सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगितलं होतं, की शब्द सगळे आठवतील अशी आशा करू या. पहिली कडवी नीट गेली. आणि मग पाटी कोरी झाली.

ती थांबली नाही. त्याच चालीवर तिने गायला सुरुवात केली, की या गाण्याचं पुढचं कडवं काय बरं, मला तर ते येत नाही. हेच शब्द, बरोबर मात्रेवर! पुढे गाण्यातच सांगितलं, की बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग या गायकांनी याची रेकॉर्ड केली, आणि आता एला आणि तिची मंडळी याची वाट लावताहेत. मग लुई आर्मस्ट्राँग यांचा खरखरीत आवाज काढला, घशाच्या तळातून. मग स्कॅट. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तीच ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिला दोन ग्रॅमी मिळाले.

लोक इथे एलाचं कौतुक करून थांबतात. तुम्ही पियानो ऐका. एला बेधडक वाट्टेल ते गात असताना तिच्याखाली चौसष्ट मात्रांचं चक्र एका मात्रेनेही हललेलं नाही. गाणं कडव्याकडव्याला अर्ध्या सुराने वर चढतं, आणि ती चढण जिथे ठरली आहे तिथेच येते. साथीदारांनी 'बाई अडकल्या' म्हणून एक आवर्तन जास्त वाजवलं असतं, किंवा ठेका सैल सोडला असता, तर सगळंच कोसळलं असतं. शब्द गेले, आवर्तन राहिलं. पुन्हा सांगतो, आवर्तन राहिलं, म्हणून ती तरली.

आणि दोनच महिन्यांनी, एप्रिल १९६० मध्ये, त्याच पॉल स्मिथ यांच्याबरोबर एलाने एक अख्खी तबकडी गायली. बास नाही, ड्रम्स नाहीत. एक गळा, एक पियानो. त्याच्याही आधी, १९५० मध्ये, एलिस लार्किन्स या पियानोवादकांबरोबर संगीतकार गर्श्विनची आठ गाणी, आणि १९५४ मध्ये वेगवेगळ्या संगीतकारांची आणखी बारा.

या जोडगाण्यात पियानोवाल्यावर तिघांचं काम येतं. डावा हात बासचं आणि ठेक्याचं सांभाळतो, उजवा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भरतो. पेटी आणि पियानो यांतला फरक इथे कळतो. पेटीचा भाता चालू आहे तोवर सूर चालू. पियानोचा सूर वाजला की लगेच विरायला लागतो. त्या विरण्यात गाणाऱ्याला जागा मिळते.

चुका कुठे होतात? पहिली आणि सगळ्यांत मोठी: गळा गातोय तीच चाल त्याच सप्तकात पियानोवर वाजवणं. पियानोचा सूर जागचा हलत नाही. गळा मात्र खालून मींड घेत सुरावर येतो. दोन्ही एकदम वाजले की घासतात, आणि बेसूर ठरते गायिका. दुसरी: खर्जातल्या कॉर्डवर, सूर लांबवणारं पायाखालचं पेडल दाबून ठेवणं. आधीचे सूर पुढच्यांवर चढतात आणि नुसता गलका उरतो. तिसरी: ड्रम्स नाहीत म्हणून लय नकळत वाढत जाणं. चौथी: सुरुवातीच्या चार बारांत गायिकेला तिचा पहिला सूर न देणं. लार्किन्स यांतली एकही चूक करत नाहीत. एला गाते तेव्हा ते कमी वाजवतात, ती लांब सूर धरते तेव्हा एक छोटी जागा घेतात आणि बाजूला होतात. १९७५ मध्ये ऑस्कर पीटरसन तिच्याबरोबर वाजले, ते भरगच्च. अफाट हात, पण मला लार्किन्सच अधिक आवडतात.

आपल्याकडे लग्नसराईत कीबोर्डवर तयार ठेका लावून गाणी होतात, कराओके होतं. त्यावर माझा राग आहे, आणि तो मी इथे बोलून दाखवतो. यंत्राचा ठेकाही हलत नाही, हे खरं. पण यंत्र गाणाऱ्याचा श्वास ऐकत नाही. पोर अडली तर तिला सूर देत नाही. आपल्या मुलांना माणसाबरोबर गाऊ द्या, मग पेटी जुनी का असेना.

घरी करून पाहायचं असेल, तर ज्याला पेटी येते त्याला बसवा. तबला नको. आधी पट्टी ठरवा: गाण्यातला सगळ्यांत खालचा सूर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी. वरचा सूर पाहून पट्टी धरली, की खालच्या ओळी हवेत जातात. पेटीवाल्याने चाल वाजवायचीच नाही. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर सा आणि प एकत्र, अर्धं आवर्तन झालं की एकदा हलकेच, बाकी भाता मिटलेला. गाणाऱ्याने मात्रा बोटांवर मोजायच्या. मग मुद्दाम एका कडव्याचे शब्द सोडून द्या आणि त्याच चालीवर घरातल्यांची नावं गा. पहिल्या दिवशी सम चुकेल, बहुधा लवकर याल, कारण शब्द शोधताना माणूस घाई करतो. पेटीवाल्याने तुमच्यासाठी सम सरकवायची नाही. तुम्हीच पुढच्या समेला या.

आणि ऐकायला सुरुवात कराल ती १९५०च्या आठ गाण्यांपासून करा. रात्री, पंखा बंद करून. लार्किन्स यांची बोटं सुरांवरून किती लवकर उचलली जातात, ते तेव्हाच ऐकू येतं.

नमस्कार.